सीसीएमपीचा वाद काय आहे? आणि त्यातून नांदुऱ्याला डॉक्टर मिळेल का?

१८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी चोवीस तासांचा बंद पुकारला होता. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होमिओपॅथी डॉक्टरांची नोंदणी करण्याचा सरकारचा आदेश, हे त्याचे कारण. 'सीसीएमपी' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांनाच ही नोंदणी मिळणार होती. त्यांना ॲलोपॅथीची औषधे लिहू द्यावीत की नाही, यावरून दोन्ही बाजू आमनेसामने आल्या.

या वादात सगळ्यात जास्त नाव घेतले जाते ते खेड्यातल्या रुग्णाचे. 'खेड्यात डॉक्टर नाहीत, म्हणून आम्हाला परवानगी द्या,' असे एक बाजू म्हणते. 'खेड्यातल्या माणसाच्या जिवाशी खेळू नका,' असे दुसरी बाजू म्हणते. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यासारख्या तालुक्याला या वादातून प्रत्यक्षात काय मिळणार, हे पाहायला हवे.

थोडक्यात

- सीसीएमपी म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. तो बीएचएमएस पदवी घेतलेल्यांसाठी आहे.
- २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून या डॉक्टरांना मर्यादित ॲलोपॅथी वापरण्याची वाट मोकळी केली. इंडियन मेडिकल असोसिएशनने (आयएमए) त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.
- वाद औषध लिहिण्याच्या परवान्याचा आहे. ग्रामीण भागातली मोठी अडचण मात्र रिकाम्या पदांची, त्यातही तज्ज्ञ डॉक्टरांच्या पदांची आहे.
- परवाना दिला म्हणून पद आपोआप भरत नाही. या दोन गोष्टी एकच समजल्या की चर्चा भरकटते.

नांदुऱ्याहून पाहिले तर

नांदुरा हे तालुक्याचे गाव मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर आणि शेगावच्या मधे आहे. राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो. १०५ फुटी हनुमान मूर्तीमुळे महामार्गावरून जाणाऱ्यांनाही हे गाव माहीत असते. जिल्ह्यात बोलायची एक रीत आहे: 'घाटावरचे' तालुके आणि 'घाटाखालचे' तालुके. नांदुरा घाटाखाली, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेले बुलढाणा घाटावर. मोताळ्यावरून राजूर घाट चढून तिथे जावे लागते.

'पुढे न्या' हा शब्द इथल्या रुग्णाच्या नातेवाइकांना चांगला ओळखीचा आहे. पुढे म्हणजे आधी खामगावचे सामान्य रुग्णालय, नाहीतर घाट चढून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय. तिथेही जमले नाही तर साठ-सत्तर किलोमीटरवरच्या अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. अडलेली बाळंतीण, डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार, फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी, या सगळ्यांसाठी प्रत्येक टप्प्यावर जाणारा वेळ मोलाचा असतो.

सरकारी सेवेचा आराखडा कागदावर नीटनेटका आहे. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारे १ लाख २० हजारांमागे एक समुदाय आरोग्य केंद्र. महाराष्ट्रात या शेवटच्या पातळीवर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय असते. शस्त्रक्रिया, स्त्रीरोग, बालरोग आणि मेडिसिन या विषयांचे तज्ज्ञ आणि सोबत भूलतज्ज्ञ तिथे असणे अपेक्षित आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. १३ तालुक्यांच्या या जिल्ह्यातले साधारण चार पंचमांश लोक, म्हणजे जवळपास २० लाख, ग्रामीण भागात राहतात. वरचे निकष लावून ढोबळ हिशेब केला तर जिल्ह्याला ६७ च्या आसपास प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १७ ग्रामीण रुग्णालये लागतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ धरून पाच तज्ज्ञ म्हटले, तर केवळ या पातळीवर ८५ तज्ज्ञ डॉक्टर हवेत. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

डॉक्टर कमी आहेत की जागा रिकाम्या आहेत?

'देशात डॉक्टर कमी आहेत' हे वाक्य आता पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. २०१४ च्या आधी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४-२५ मध्ये त्या १ लाख १५ हजारांच्या पुढे गेल्या. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात ८३४ लोकांमागे एक डॉक्टर होता. मात्र या आकड्यात नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांबरोबर आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी अशा आयुष पद्धतींचे ५ लाख ६५ हजार डॉक्टरही मोजलेले आहेत. म्हणजे आयुष डॉक्टर सरकारी हिशेबात आधीच आलेले आहेत. त्यांनी नेमके काय करायचे, यावर मात्र भांडण सुरू आहे.

सरासरीने आणखी एक गोष्ट झाकली जाते. डॉक्टर शहरात एकवटलेले आहेत आणि तज्ज्ञ डॉक्टर तर त्याहून जास्त. केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार समुदाय आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सकांची तूट ८३ टक्के होती. बालरोगतज्ज्ञांची जवळपास ८२ टक्के, फिजिशियनची ७९ टक्के आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४ टक्के. हे आकडे सगळ्या देशाचे आहेत. पण खरी तूट कुठे आहे, ते यातून कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस किंवा बीएएमएस डॉक्टर बऱ्याचदा मिळतो. ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन करणारा आणि त्यासाठी भूल देणारा मिळत नाही.

शिवाय मनुष्यबळ म्हणजे फक्त डॉक्टर असे नाही. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता आणि एएनएम यांच्याशिवाय रुग्णालय चालत नाही. यातले अनेक जण राष्ट्रीय आरोग्य अभियानात वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. सेवेत कायम करावे या मागणीसाठी त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर काम बंद ठेवले, तेव्हा लसीकरणापासून तपासण्यांपर्यंतची कामे अडली होती. त्याआधी ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळीही चर्चा रिकाम्या पदांपाशीच आली होती.

सीसीएमपी म्हणजे नेमके काय?

होमिओपॅथीची बीएचएमएस ही पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. एमबीबीएसचा कालावधीही तेवढाच. बीएचएमएसमध्ये शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, स्त्रीरोग, शल्य हे विषय शिकवतात, पण उपचाराचा पाया होमिओपॅथीचा असतो. आधुनिक औषधशास्त्र, म्हणजे कोणते औषध किती मात्रेत द्यायचे, ते कोणत्या दुसऱ्या औषधासोबत चालत नाही, किडनी किंवा यकृताचा आजार असेल तर काय टाळायचे, हे त्यात सविस्तर येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी सीसीएमपी आला. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकवला जातो. त्याआधी २०१४ मध्ये राज्याने होमिओपॅथी व्यवसायाचा आणि वैद्यक परिषदेचा, असे दोन्ही कायदे दुरुस्त केले होते. हा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या होमिओपॅथी डॉक्टरला त्याच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरता येतील, अशी ती तरतूद होती.

वाद कसा पेटला?

कायदा झाला, अभ्यासक्रम सुरू झाला, तरी गाडी बरीच वर्षे अडकून होती. औषध दुकानदारांपुढे प्रश्न होता की या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ॲलोपॅथीची औषधे द्यायची का. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने तशी मुभा दिली. ३० जून २०२५ रोजी महाराष्ट्र वैद्यक परिषदेने या डॉक्टरांच्या नोंदणीची अधिसूचना काढली. नोंदणी १५ जुलैपासून सुरू होणार होती.

आयएमएने आंदोलनाचा इशारा दिल्यावर सरकारने नोंदणीला स्थगिती दिली आणि समिती नेमली. आता होमिओपॅथी डॉक्टर संतापले आणि आझाद मैदानावर आंदोलनाला बसले. ५ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने पुन्हा आदेश काढून परिषदेला नोंदणी करायला सांगितले. त्याचे उत्तर म्हणून १८ सप्टेंबरचा बंद झाला. तीन महिन्यांत सरकार तीनदा वळले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे काय?

विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की औषधाचे नाव आणि मात्रा पाठ झाली म्हणजे वैद्यक आले असे होत नाही. ताप एकच दिसतो, पण तो डेंग्यूचा, टायफॉइडचा, न्यूमोनियाचा की आणखी कशाचा, हे ओळखणे ही खरी कसोटी आहे. ते कौशल्य वॉर्डात वर्षानुवर्षे रुग्ण पाहून येते. दुसरा मुद्दा प्रतिजैविकांचा. गरज नसताना दिलेल्या प्रतिजैविकांमुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. औषध लिहिणारे हात वाढले तर हा धोकाही वाढेल. तिसरा मुद्दा जबाबदारीचा. एकाच डॉक्टरचे नाव दोन परिषदांकडे असेल, तर चूक झाल्यावर रुग्णाने दाद कोणाकडे मागायची?

समर्थकांचा मुद्दाही पोकळ नाही. आयुर्वेदाच्या बीएएमएस डॉक्टरांना राज्याने २५ नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेने आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिलेली आहे. मग वेगळे प्रशिक्षण घेऊनही आम्हाला का नाही, असा त्यांचा सवाल आहे. दुसरे म्हणजे सरकार आयुष डॉक्टरांवर आधीच विसंबून आहे. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेतले डॉक्टर बहुतांशी बीएएमएस आहेत. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांतही आयुष डॉक्टर असतात. उपकेंद्रांवरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये राज्यात बीएएमएस झालेले मोठ्या संख्येने आहेत.

तिसरे कारण उघडपणे कमी बोलले जाते. तालुक्याच्या गावात 'डॉक्टर' पाटी लावून बसलेल्या अनेकांकडे रुग्ण तापाची गोळी, सलाईन, इंजेक्शन यासाठीच जातो. पाटीवरची पदवी कोणती, हे तो विचारत नाही. हे आजही घडतेच आहे. मग ते प्रशिक्षणाशिवाय आणि लपूनछपून घडण्यापेक्षा प्रशिक्षण देऊन, नोंद ठेवून घडू द्यावे, असे समर्थक म्हणतात. विरोधकांच्या मते हा चुकीला कायद्याचा शिक्का मारण्याचा प्रकार आहे.

न्यायालये काय म्हणतात?

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या वादात वारंवार येतात. पहिला १९९६ चा, आणि तो मुंबईतल्याच एका प्रकरणातला आहे. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने रुग्णाला आधी विषाणूजन्य ताप आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण आणि नोंदणी नाही, त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि पत्नीला तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर केली.

दुसरा निकाल १९९८ चा. देशी वैद्यकाच्या डॉक्टरला आधुनिक औषधे वापरता येतात, पण ज्या राज्यात तो काम करतो त्या राज्याच्या कायद्याने तसा अधिकार दिला असेल तरच, असे त्यात म्हटले आहे. थोडक्यात, चावी राज्याच्या हाती आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून हीच चावी फिरवली. ती बरोबर फिरवली का, हाच उच्च न्यायालयातल्या आव्हानाचा विषय आहे.

हा वाद इतका जुना आहे?

त्याहून जुना. नांदुरा १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होते. त्या काळी या भागात 'एलएमपी' डॉक्टर असत. एलएमपी म्हणजे विद्यापीठाच्या पदवीपेक्षा कमी मुदतीचे शिक्षण घेतलेला परवानाधारक डॉक्टर. नागपुरात १९१४ मध्ये सुरू झालेल्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून असे डॉक्टर बाहेर पडत. १९४७ मध्ये नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि शाळेचे दिवस संपले.

शाळा संपण्यामागे मोठा धोरणात्मक निर्णय होता. १९४६ च्या भोर समितीने नोंदवले की ब्रिटिश भारतात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी २९,८७० परवानाधारक आणि १७,६५४ पदवीधर. म्हणजे दर पाचांतले तीन डॉक्टर कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले होते. तरीही देशात डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, गरिबाला दुय्यम डॉक्टर मिळू नये, या विचाराने समितीने परवानाधारकांचे शिक्षण बंद करण्याची शिफारस केली. समितीतल्या सहा सदस्यांना हे मान्य नव्हते. डॉक्टरांची संख्या एवढी अपुरी असताना हा मार्ग बंद करू नये, असे त्यांनी वेगळे नोंदवले. ऐंशी वर्षांनी आज दोन्ही बाजू जवळपास तेच बोलत आहेत.

त्यानंतर काही राज्यांनी हा मार्ग पुन्हा उघडून पाहिला. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. विरोधामुळे तो काही वर्षांत बंद पडला, पण तोवर तयार झालेल्यांना 'ग्रामीण वैद्यकीय सहायक' म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले. त्यांच्या कामाचा पुढे अभ्यास झाला. प्राथमिक पातळीवरचे नेहमीचे आजार हाताळण्यात हे सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे ठरले. आयुष डॉक्टर त्यांच्या मागे होते. हा निष्कर्ष सीसीएमपीच्या दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. कमी मुदतीचे पण नेमक्या कामासाठीचे शिक्षण चालते, असे तो सांगतो. दुसऱ्या पद्धतीची पदवी हा त्याला पर्याय नाही, असेही सांगतो.

आसामने २००४ च्या कायद्याने असाच तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो कायदा रद्द ठरवला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा केंद्राचा विषय आहे. मात्र राज्याने नंतर केलेल्या दुसऱ्या कायद्याखाली या पदविकाधारकांना डॉक्टर न म्हणता, ठरवून दिलेल्या कामापुरते ठेवण्यास न्यायालयाने मान्यता दिली. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही कलम ३२ मध्ये 'समुदाय आरोग्य प्रदाता' असा मर्यादित परवान्याचा वर्ग आहे. त्याविरोधातही डॉक्टरांनी संप केला होता.

मग नांदुऱ्याला काय मिळेल?

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे येऊ. जिल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयांना निकषाप्रमाणे ८५ तज्ज्ञ हवेत. सीसीएमपी झालेला डॉक्टर यातले एकही पद भरू शकत नाही. तो सिझेरियन करू शकत नाही, भूल देऊ शकत नाही, नवजात बाळाच्या अतिदक्षता कक्षाची जबाबदारी घेऊ शकत नाही. तसा दावा समर्थकही करत नाहीत.

तो जे करू शकतो ते बाह्यरुग्ण पातळीवरचे आहे: ताप, खोकला, जुलाब, रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांवर लक्ष ठेवणे, धोक्याची लक्षणे ओळखून वेळेत पुढे पाठवणे. हे काम छोटे नाही. पण हा डॉक्टर खासगी दवाखाना कुठे टाकेल, यावर नोंदणीचे बंधन नाही. नांदुऱ्याच्या बाजारपेठेत आणि खामगावात आधीच दवाखाने आहेत. पूर्णाकाठच्या लहान गावात नव्याने कोणी येईल, याची हमी परिषदेच्या नोंदवहीत कुठेच नाही. परवाना माणसाला मिळतो. गावाला हवे असते ते पद, आणि त्या पदावर टिकणारा माणूस.

टिकणे हाच कळीचा शब्द आहे. राज्यात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची सामाजिक सेवा बंधनकारक आहे. ती टाळली तर दहा लाख रुपये भरावे लागतात. पदव्युत्तर पदवीसाठी हीच रक्कम ५० लाख आहे. बंधपत्रामुळे डॉक्टर येतो, पण वर्षभरासाठी. त्यातला बराच काळ पुढच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात जातो. गावाला त्याची ओळख होते तोवर त्याची निघायची वेळ झालेली असते.

तज्ज्ञ डॉक्टर न टिकण्याची कारणे तर आणखी साधी आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, तर ती शस्त्रक्रिया करणार कशी? दोघे आहेत पण रक्ताची सोय नाही, तर धोका कोण पत्करणार? एकट्या तज्ज्ञाची नेमणूक म्हणजे हात बांधून बसवण्यासारखे आहे. राहायला धड निवासस्थान नाही, मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी दुसऱ्या गावात, काही बिनसले तर जमाव अंगावर येण्याची भीती. ही यादी प्रत्येक तालुक्यात तीच आहे.

काय उपयोगी पडल्याचे दिसते?

पहिली गोष्ट, पदाला आणि कामाला बांधलेले प्रशिक्षण. राष्ट्रीय आरोग्य अभियानात सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल आणि तातडीच्या प्रसूतिसेवेचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. तेही पूर्ण तज्ज्ञ होत नाहीत. पण कोणते काम करायचे, कोणत्या रुग्णालयात आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे ठरलेले असते. सोबतचा तज्ज्ञ, रक्त आणि साधने मिळाली तरच ते चालते. एकट्याला परत पाठवले तर प्रशिक्षण वाया जाते.

दुसरी गोष्ट, काम वाटून देणे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. या स्त्रियांना कोणी डॉक्टर म्हटले नाही, सरसकट परवाना दिला नाही. ठरलेले काम, ठरलेले औषध, नियमित देखरेख आणि प्रत्येक नोंदीची तपासणी, एवढ्यावर ते उभे राहिले. आज आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी भेट देते, त्याचे मूळ या कामात आहे.

तिसरी गोष्ट, खालच्या पातळीचा वरच्या पातळीशी धागा. डिसेंबर २०२४ मध्ये नांदुऱ्याशेजारच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडत होते. मग आरोग्य पथके घरोघरी गेली, त्वचारोगतज्ज्ञ आले, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले, आयसीएमआरचे पथक पोहोचले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः पाहणी करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवले. एकेका दवाखान्यात एकेका रुग्णाला मलम लिहून हे कळले नसते. वेगळे काही दिसले की वर कळवणारा माणूस आणि ते ऐकणारी यंत्रणा, दोन्ही लागतात. आज खासगी दवाखान्यातला डॉक्टर, मग तो कोणत्याही पदवीचा असो, या साखळीत फारसा जोडलेला नाही.

चौथी गोष्ट, जिल्ह्यातले वैद्यकीय महाविद्यालय. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले आणि २०२४-२५ पासून १०० जागांवर प्रवेश सुरू झाले. पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून २०३० च्या आसपास बाहेर पडेल. तज्ज्ञ घडवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम त्याहून पुढची गोष्ट. महाविद्यालयाने संलग्न रुग्णालयात तज्ज्ञ येतात हा लगेचचा फायदा. मात्र नव्या महाविद्यालयांना शिकवायलाही तज्ज्ञच लागतात. ते आसपासच्या सरकारी रुग्णालयांतून उचलले, तर घाटावर भर आणि घाटाखाली खड्डा, असे होऊ शकते. ग्रामीण सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर प्रवेशात राज्यांना वेगळा कोटा ठेवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. 'आधी इथे काम करा, मग शिका आणि पुन्हा इथेच या' अशी साखळी त्यातून उभी राहू शकते.

रुग्णाने काय पाहावे?

निकाल काहीही लागो, दवाखान्यात गेल्यावर काही गोष्टी विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

- पाटीवर किंवा चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. एमबीबीएस डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, बीएएमएस आणि युनानी डॉक्टरांची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे आणि बीएचएमएसची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे असते.
- यांपैकी एकाही परिषदेची नोंदणी नसेल तर तो कोणत्याच पद्धतीचा डॉक्टर नाही. सीसीएमपीचा वाद अशा माणसाला लागू होत नाही.
- दिलेल्या औषधाचे नाव आणि कारण विचारा. पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या घेऊ नका.
- चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे कागद जपून ठेवा. पुढच्या रुग्णालयात आधी काय दिले होते, हे कळणे जीव वाचवू शकते.
- श्वास लागणे, शुद्ध हरपणे, झटके, छातीत कळ, गरोदरपणात रक्तस्राव, सर्पदंश किंवा विषबाधा असेल तर जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे?

न्यायालय २०१४ च्या दुरुस्तीबद्दल काय ठरवते, हे महत्त्वाचे आहेच. नोंदणी टिकली तर औषधांची यादी ठरवली जाते का, प्रतिजैविकांवर मर्यादा येते का आणि तक्रार कोणत्या परिषदेकडे करायची हे स्पष्ट होते का, ते पाहावे लागेल. नोंदणी रद्द झाली तर आज तेच काम करत असलेल्या हजारो दवाखान्यांचे सरकार काय करणार, हा प्रश्न उरेल.

पण नांदुऱ्यातल्या गरोदर बाईच्या दृष्टीने मोजमाप वेगळे आहे. तिच्या तालुक्यात रात्री दोन वाजता सिझेरियन होते का? स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि रक्त हे चारही एकाच छताखाली आहेत का? मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत विचारता येते. माहितीच्या अधिकारातही मागता येते. परवान्याचा निकाल मुंबईत लागेल. पदांचा हिशेब मात्र तालुक्यात मागितल्याशिवाय कोणी देणार नाही.